बोगद्यात झोपलेली वटवाघळं आणि हिवाळी गणना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेले मराठी निसर्गप्रेमी नोव्हेंबर लागला की वटवाघळांच्या हिवाळी गणनेबद्दल, म्हणजे बोगद्यांत आणि खाणींत झोपलेली वटवाघळं दरवर्षी मोजण्याच्या कामाबद्दल, विचारू लागतात. पुणे, नाशिक, कोल्हापूरकडून येणारे प्रश्न वेगळे असतात: आपल्याकडची वटवाघळं थंडीत काय करतात, लेण्यांत अशी मोजणी करता येईल का? पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. नियम आणि ऋतू ब्रिटनचे, त्यातही मुख्यतः इंग्लंडचे आहेत. महाराष्ट्राबद्दलचे प्रश्न १८ ते २० आहेत.

१. वटवाघळं हिवाळ्यात बोगद्यात का जातात?

ब्रिटनमधली सगळी वटवाघळं कीटक खातात. थंडीत रात्री उडणारे कीटक जवळजवळ नाहीसे होतात, त्यामुळे साधारण नोव्हेंबर ते मार्च हा काळ अंगातल्या चरबीवर काढावा लागतो. त्यासाठी जागा अशी हवी, की जिथे पाणी गोठणार नाही, दुपारी ऊब चढणार नाही आणि हवा दमट राहील. दमटपणा फार महत्त्वाचा, कारण पंखांची उघडी कातडी कोरड्या हवेत झपाट्याने पाणी गमावते.

नैसर्गिक गुहा सगळीकडे नसतात. जिथे त्या नाहीत तिथे बंद पडलेले रेल्वेचे आणि कालव्यांचे बोगदे, जुन्या खाणी, श्रीमंतांच्या बागांतली जुनी बर्फघरं वटवाघळांनी आपलीशी केली आहेत. हँपशरमधला ग्रेवेल बोगदा हे याचं ठळक उदाहरण. बेसिंगस्टोक कालव्यावरचा हा बोगदा १७९४ साली वाहतुकीला खुला झाला. त्याची लांबी सव्वा अकराशे मीटर. १९३२ मध्ये तो आत कोसळला, बोटी थांबल्या, आणि आज तो ब्रिटनमधल्या महत्त्वाच्या शीतनिद्रास्थळांपैकी एक म्हणून संरक्षित आहे. पोलंडमध्ये न्येतोपेरेक इथे जर्मन सैन्याने १९३० च्या दशकात बांधायला घेतलेल्या तटबंदीची ३० किलोमीटरहून लांब भुयारं आहेत. तिथे १२ जातींची ३०,००० हून जास्त वटवाघळं एका हिवाळ्यात मोजली गेली आहेत.

२. शीतनिद्रा म्हणजे गाढ झोपच ना?

नाही. झोपेत शरीर गरम असतं. शीतनिद्रेत वटवाघूळ आपल्या शरीराचं तापमान भिंतीच्या तापमानाजवळ उतरू देतं. बोगद्यात ७ अंश असतील तर तेही ८-९ अंशांवर येतं. उडताना मिनिटाला हजाराच्या घरात पडणारे हृदयाचे ठोके दहा-वीसवर येतात, आणि श्वास इतका विरळ होतो की पाहणाऱ्याला प्राणी मेलेला वाटावा. बाष्प साचून केसांवर थेंब जमतात, टॉर्चच्या उजेडात ते चांदीसारखे चमकतात. पहिल्यांदा पाहणारे बहुतेक जण इथेच विचारतात, ‘जिवंत आहे ना?’ असतं.

३. मग मध्येच एकदा जाग आली, तर एवढं काय बिघडतं?

या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

वटवाघळं हिवाळ्यात आपणहून अधूनमधून जागी होतात. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी. पाणी पितात, जागा बदलतात, पुन्हा थंड होतात. प्रत्येक वेळी जागं होताना शरीर पुन्हा ३५ अंशांच्या पुढे तापवावं लागतं. कॅनडाचे संशोधक डोनाल्ड थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये उत्तर अमेरिकेतल्या लिटल ब्राऊन जातीचा हिशेब मांडला. हिवाळ्यात खर्च होणाऱ्या चरबीतली तीन चतुर्थांशांच्या आसपास चरबी या थोड्याशा जागण्यावरच जाते, असं त्यातून दिसलं. सगळी शिल्लक मोजक्या वेळा जागं होण्यासाठी राखलेली असते. आपल्यामुळे आलेली जाग ही त्यावरची भर असते, आणि तिची भरपाई करायला बाहेर कीटक नसतात. मार्चअखेरीस चरबी संपलेलं वटवाघूळ बोगद्यातच मरतं किंवा बाहेर येऊन पडतं.

थॉमस यांचा १९९५ चा अभ्यास तर गणना करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. माणसं आत आली, कशालाही हात न लावता पाहून गेली. त्यानंतर अर्ध्या तासात वटवाघळांचं उडणं वाढू लागलं आणि ते पुढे कित्येक तास, कधी आठ तासांहून जास्त, वाढलेलंच राहिलं. वटवाघळाला पुरतं तापायलाच अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. तोवर आपण बाहेर येऊन चहा पीत असतो. ‘आम्ही होतो तोवर एकही हललं नाही’ हे वाक्य मी फार ऐकतो. ते खरं असलं तरी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पुढची बहुतेक उत्तरं या एका गोष्टीतून निघतात.

४. माझ्या विद्यापीठाजवळ जुना रेल्वेबोगदा आहे. एकट्याने आत जाऊन पाहू शकतो का?

नाही. १९८१ चा वन्यजीव व ग्रामीण परिसर कायदा आणि २०१७ चे अधिवास व प्रजाती नियम यांखाली इंग्लंड आणि वेल्समधल्या सगळ्या वटवाघळांना आणि त्यांच्या वस्तीच्या जागांना संरक्षण आहे. जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने त्यांना त्रास देणं गुन्हा आहे. इंग्लंडमध्ये त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद आणि कमाल मर्यादा नसलेला दंड होऊ शकतो. वस्तीची जागा उन्हाळ्यात रिकामी असली तरी ती संरक्षितच राहते.

शीतनिद्रेच्या जागी मोजणीसाठी जायचं तर परवाना लागतो: इंग्लंडमध्ये नॅचरल इंग्लंडचा, वेल्समध्ये नॅचरल रिसोर्सेस वेल्सचा, स्कॉटलंडमध्ये नेचरस्कॉटचा. शिवाय जागेच्या मालकाची परवानगी वेगळी. परवाना आहे म्हणून मालकाला विचारायचं नाही असं होत नाही. विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना मी जास्त कळकळीने सांगतो: ‘फक्त डोकावतो’ म्हणून कुंपण ओलांडू नका.

५. परवाना नसताना गणनेत भाग कसा घ्यायचा?

परवानाधारकाबरोबर. बहुतेक काउंट्यांमध्ये (तिथल्या जिल्ह्यांमध्ये) वटवाघळांवर काम करणारा स्थानिक बॅट ग्रुप असतो आणि त्यांची देशव्यापी संस्था म्हणजे बॅट कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट. ट्रस्टचा राष्ट्रीय वटवाघूळ निरीक्षण कार्यक्रम १९९६ पासून चालू आहे आणि हिवाळी गणना त्याचाच एक भाग आहे.

पण थेट जानेवारीत ‘मला बोगद्यात न्या’ म्हणत जाऊ नका. उन्हाळ्यात या. संध्याकाळी घरांच्या छपरांतून बाहेर पडणारी वटवाघळं मोजायला, डिटेक्टर (वटवाघळांचे उच्च आवाज ऐकवणारं यंत्र) घेऊन तळ्याकाठी उभं राहायला परवाना लागत नाही, माणसं मात्र नेहमी कमी पडतात. तिथे ओळख झाली, तुम्ही शांतपणे काम करता हे दिसलं, की हिवाळ्याचं बोलावणं येतं. आत जाणाऱ्यांची संख्या मुद्दाम कमी ठेवतात, म्हणून वाट पाहावी लागते. हा उद्धटपणा समजू नका.

६. गणना जानेवारी-फेब्रुवारीतच का?

थंडी तेव्हा सगळ्यात स्थिर असते आणि जास्तीत जास्त वटवाघळं जमिनीखाली असतात. राष्ट्रीय कार्यक्रमात दोन फेऱ्या असतात: एक जानेवारीत, एक फेब्रुवारीत. दरवर्षी शक्यतो त्याच सुमारास. नोव्हेंबरात बरीच वटवाघळं अजून झाडांत आणि इमारतींत असतात. मार्चमध्ये ती हलू लागतात आणि चरबी तळाला गेलेली असते, त्यामुळे त्या वेळचा त्रास सगळ्यात महाग. ‘आणखी एकदा जाऊन खात्री करू’ या मागणीला आमचं उत्तर ठरलेलं आहे: नाही.

७. आत शिरल्यावर काम नेमकं कसं चालतं?

सगळं बोलणं बाहेरच उरकतात. कोण डावी भिंत पाहणार, कोण उजवी, कोण लिहिणार, किती वेळात बाहेर यायचं. बाहेरचं तापमान नोंदवून दार उघडतात.

बोगद्याचे भाग पाडलेले असतात. काही ठिकाणी भिंतीवर क्रमांक असतात, काही ठिकाणी रेल्वेच्या काळात गँगमनना गाडी आल्यावर उभं राहायला ठेवलेले कोनाडेच खुणा म्हणून वापरतात. चालायचं एकाच दिशेने, सावकाश. टॉर्चचा उजेड भिंतीवरून तिरका फिरवत न्यायचा: विटांच्या सांध्यांत, निसटलेल्या विटेच्या पोकळीत, पाणी झिरपून पडलेल्या भेगांत, छताच्या कमानीत. नवख्यांचं लक्ष छताकडे असतं, पण गुडघ्याच्या उंचीवरच्या फटीतही वटवाघूळ असतं. डॉबेंटन जातीची तर खाली पडलेल्या दगडांच्या ढिगातही सापडतात. म्हणून पाऊल बघून टाकायचं.

दिसलं की जात, संख्या, भाग एवढं हळू आवाजात सांगायचं आणि पुढे सरकायचं. थांबायचं नाही, श्वास त्याच्या दिशेने सोडायचा नाही. भेग खोल असेल तर आरसा चालतो. एंडोस्कोप (नळीच्या टोकाचा छोटा कॅमेरा) आत घालायचा असेल तर परवान्यात तशी मुभा लागते. आतलं तापमान दोन-तीन ठिकाणी घेतात. आता बऱ्याच जागी तापमान आपोआप नोंदवणारे डेटा लॉगर कायमचे बसवलेले असतात, त्यामुळे त्यासाठी वेगळं थांबावं लागत नाही.

परतताना पुन्हा मोजत नाहीत. येताना सुटलेलं एखादं दिसलं तर तशी वेगळी नोंद करतात, पण आकडा जुळवायला मागेपुढे फेऱ्या मारत नाहीत. आकडा दोनने चुकला तरी चालेल.

८. हात न लावता जात कशी ओळखायची?

आधी लटकण्याची पद्धत पाहा. पंखांची शाल अंगाभोवती घट्ट गुंडाळून, पायांवर मोकळं लटकलेलं असेल तर ते हॉर्सशू, म्हणजे नाकावर घोड्याच्या नालेसारखी चामडी घडी असलेलं. लेसर हॉर्सशू टपोऱ्या जांभळाएवढं आणि वजनाला ५ ते ९ ग्रॅम. ग्रेटर त्याच्या जवळजवळ दुप्पट लांब आणि कितीतरी जड. लेसर एकमेकांपासून अंतर राखून लटकतात, ग्रेटर कधी कधी घोळक्याने. दोन्ही मुख्यतः नैऋत्य इंग्लंड आणि वेल्समध्ये दिसतात, त्यामुळे यॉर्कशरमध्ये हॉर्सशू दिसल्याचं वाटलं तर आधी स्वतःवर शंका घ्या.

पंख अंगालगत मिटून भिंतीला किंवा भेगेत चिकटलेलं असेल तर बहुधा मायोटिस गटातलं. डॉबेंटनचे पाय मोठे आणि केसाळ, चेहरा गुलाबीसर. नॅटररचं पोट पांढरंशुभ्र, कान लांब, चेहरा फिकट, आणि ते भेगेत पाठीवर पडल्यासारखंही बसतं. व्हिस्कर्ड आणि ब्रँड्ट लहान, काळपट चेहऱ्याची. या दोघांत फरक करायला दात आणि कानाची ठेवण जवळून पाहावी लागते. २०१० मध्ये ब्रिटनमध्ये असल्याचं नक्की झालेली अल्काथो जातही त्यांच्यासारखीच. हिवाळ्यात हाताळायचं नाही, म्हणून नोंद ‘व्हिस्कर्ड किंवा ब्रँड्ट’ अशीच करतात. ती अपुरी वाटते, पण प्रामाणिक आहे.

तपकिरी लांबकान्या फसवतं. ते लांबलचक कान मागे वळवून पंखांखाली दडवतं, बाहेर राहतो कानापुढचा टोकदार पडदा. त्यामुळे छोट्या टोकदार कानांचं कुठलंतरी वेगळंच वटवाघूळ वाटतं. काळसर अंगाचं, बसक्या नाकाचं, कपाळावर कान जुळलेलं दिसलं तर ते बार्बास्टेल. त्याला कडक थंडी चालते, म्हणून ते बोगद्याच्या तोंडाजवळ शोधा. हॉर्सशू उबदार जागा धरतात, म्हणून ती आत खोलवर.

खात्री नसेल तर ‘अनोळखी’ लिहा. तो रकाना त्यासाठीच असतो.

९. पिपिस्ट्रेल ही छोटी वटवाघळं सगळ्यात जास्त असतात म्हणतात, मग बोगद्यात का दिसत नाहीत?

ती इमारतींच्या भिंतींत आणि झाडांच्या फटींत विखरून झोपतात, भूमिगत जागा क्वचितच वापरतात. म्हणून बोगद्यातली गणना त्यांच्याबद्दल काही सांगत नाही. त्यांचा माग उन्हाळी मोजणीतून ठेवतात.

१०. मोजलेला आकडा म्हणजे बोगद्यातली खरी संख्या का?

नाही, आणि तसा दावा कोणी करत नाही. खोल भेगांत गेलेली वटवाघळं दिसतच नाहीत. नॅटररसारख्या जातींच्या बाबतीत दिसतात त्याहून न दिसणारी जास्त असू शकतात. उपयोग होतो तो तुलनेचा. तीच जागा, तोच काळ, तीच पद्धत वर्षानुवर्षं ठेवली की वाढ-घट कळते. दोन्ही हॉर्सशूंची संख्या १९९९ पासून वाढते आहे, हे अशाच नोंदींतून समजलं. म्हणूनच अतिउत्साही माणसाने एका वर्षी दुप्पट वेळ शोधून दुप्पट आकडा आणला तर त्या जागेची नोंद बिघडते. मोकळी लटकणारी हॉर्सशू मात्र बरीचशी खरी मोजता येतात.

११. टॉर्च लाल हवी का? आणि एखादा फोटो?

मंद आणि न तापणारी एलईडी टॉर्च हवी. लाल फिल्टर काही जण लावतात, चांगलंच आहे, पण त्यात जात ओळखणं अवघड होतं आणि मग माणूस जास्त वेळ उभा राहतो. रंगापेक्षा वेळ महत्त्वाचा. ओळख पटली की उजेड लगेच हटवा. कार्बाइडचा दिवा, मेणबत्ती, हात शेकायला गॅस यांतलं काहीही आत नेऊ नका.

फोटोसाठी परवान्यात स्वतंत्र मुभा लागते. मोबाइलही खिशातच राहू द्या. घरच्यांना दाखवायला एक तरी फोटो हवा असं वाटणं मी समजू शकतो. पण त्या एका फोटोसाठी जवळ जाणं, फोकस होईतो थांबणं, पुन्हा काढणं यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात सबंध कोनाडा पाहून होतो. परिणाम काय होतो ते प्रश्न ३ मध्ये आहे.

१२. माझ्यासमोर एखादं हललं तर काय करू?

उजेड काढा, सांगा आणि पुढे चला. हॉर्सशू जाग येताना गुडघे दुमडून अंग वर ओढून घेतं. लांबकान्याचे कान उलगडू लागतात. बाकीच्यांत थरथर आणि वाढलेला श्वास दिसतो. एकाच भागात दोन-तीन हलताना दिसली तर तो भाग सोडून देतात. ‘भाग अपुरा’ अशी नोंद पूर्णपणे मान्य असते. सगळा गटच मागे फिरला तरी कोणी नावं ठेवत नाही.

१३. नाकावर पांढरी बुरशी दिसली. तोच अमेरिकेतला रोग का?

बुरशी तीच असू शकते. अमेरिकेतल्या पांढऱ्या नाकाच्या रोगाचा पहिला पुरावा म्हणजे न्यूयॉर्क राज्यातल्या हाउज गुहेत फेब्रुवारी २००६ मध्ये काढलेलं एक छायाचित्र. पुढच्या सहा वर्षांत तिथे किमान ५७ लाख वटवाघळं मेल्याचा अंदाज अमेरिकी वन्यजीव खात्याने दिला. बुरशीचं नाव स्यूडोजिम्नोॲस्कस डिस्ट्रक्टन्स. ती थंडीत वाढते, झोपलेल्या प्राण्याची कातडी खाते आणि त्याला पुन्हा पुन्हा जागं करते. प्रश्न ३ मधला चरबीचा हिशेब इथे लाखोंच्या मरणापर्यंत जातो.

युरोपात ही बुरशी आहे, ब्रिटनमध्येही सापडली आहे, पण इथली वटवाघळं तिच्यामुळे अशी मेलेली नाहीत. त्यांचा तिच्याशी फार जुना संबंध असावा असं मानलं जातं. दिसली तर भाग आणि जात नोंदवा, हात लावू नका, नमुना घेऊ नका, ट्रस्टला कळवा. जागा बदलताना बूट, कपडे, दोर धुऊन निर्जंतुक करतात. अमेरिकेत किंवा कॅनडात गुहेत वापरलेले कपडे आणि साधनं इथे आणू नका, इथली तिकडे नेऊ नका. ऑस्टिनला असलेल्या भावाचे गुहेतले बूट उसने घेणंही यात आलं.

१४. रेबीजची भीती नाही का?

नुसतं पाहण्यात नाही. ब्रिटनमधल्या काही डॉबेंटन आणि सेरोटिन वटवाघळांत रेबीजच्या कुळातले विषाणू सापडले आहेत आणि २००२ मध्ये स्कॉटलंडमध्ये वटवाघळांचं काम करणाऱ्या एका व्यक्तीचा त्याने मृत्यू झाला. म्हणून हाताळणाऱ्यांनी आधी लस घेतलेली असते आणि हातमोजे घालतात. मोजणीत हाताळणंच नाही, तरीही चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने नीट धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. भारतात कुत्रा चावल्यावर जेवढी घाई करतो तेवढीच इथे करायची. लहानशी जखम म्हणून सोडू नका.

१५. काय घालायचं आणि खरा धोका कशाचा?

हेल्मेट, गमबूट, उबदार कपड्यांवर सळसळ न करणारा अंगरखा, दोन टॉर्च. सळसळणारं नायलॉनचं जाकीट टाळा, त्यातून निघणारे बारीक उच्च आवाज वटवाघळांच्या ऐकण्याच्या पट्ट्यात येतात.

खरा धोका बोगद्याचा आहे. शंभर-दीडशे वर्षांच्या विटा सुटतात, साचलेल्या पाण्यातून उंदरांच्या मूत्रातला लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, खाणीत हवा खराब असू शकते. एकट्याने कधीही नाही. बाहेर एका माणसाला ‘इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत बोलव’ असं सांगूनच आत जातात. गाड्या चालू असलेल्या बोगद्यात शिरण्याचा तर विषयच नाही.

१६. सायकलची वाट असलेल्या बोगद्यातून मी रोज जातो. तोही गुन्हा का?

नाही. बाथजवळच्या कूम डाउन बोगद्यातून २०१३ पासून चालणाऱ्यांची आणि सायकलींची वाट जाते. अशा खुल्या वाटेवरून नेहमीसारखं जाण्यात काही गैर नाही. थांबून भेगांत उजेड टाकत वटवाघळं शोधू लागलात तर मात्र प्रश्न ४ लागू होतो.

बंद बोगद्यांच्या तोंडाशी आडव्या गजांचं दार असतं. गजांमध्ये साधारण १५ सेंटीमीटरची फट ठेवतात: वटवाघूळ उडत आत जातं, हवा खेळती राहते, माणूस अडतो. त्यात शेकोट्या आणि पार्ट्या रोखणं हा मुख्य हेतू. दार तुटलेलं दिसलं तर बॅट ग्रुपला लगेच कळवा, ही फार मोलाची मदत आहे.

१७. वर्षानुवर्षं एकच वटवाघूळ येणाऱ्या बोगद्यालाही जपायचं का?

हो. ग्रेटर माउस-इअर्ड ही जात ब्रिटनमधून नामशेष झाल्याचं १९९० च्या सुमारास जाहीर झालं होतं. २००२ मध्ये ससेक्समध्ये तिचा एक नर सापडला आणि पुढची कित्येक वर्षं तो एकटाच एका बंद रेल्वेबोगद्यात हिवाळा काढताना नोंदवला गेला. ‘इथे काही खास नाही’ म्हणून ती जागा यादीतून काढली असती तर हे कळलंच नसतं. वटवाघळं आकाराच्या मानाने फार जगतात. सायबेरियातलं ओळखीसाठी कडी घातलेलं एक ब्रँड्ट ४१ वर्षांनी पुन्हा सापडलं. मादी वर्षाला सहसा एकच पिल्लू देते. इतक्या सावकाश वाढणाऱ्या प्राण्याची एक जागा गेली तर ती भरून यायला माणसाची पिढी लागते.

१८. महाराष्ट्रातली वटवाघळं हिवाळ्यात अशीच झोपतात का?

महिनोन्‌महिने नाही. आपल्या गुहा आणि लेणी इतकी थंड होत नाहीत, आणि हिवाळ्यातही कीटक मिळतात. गार दिवशी काही तासांची गुंगी येणं वेगळं. फळं खाणारी मोठी वटवाघळं तर वर्षभर उडतात.

पण ‘थंडी नाही तर शीतनिद्रा नाही’ हेही सरसकट खरं नाही. लांब उघड्या शेपटीची ऱ्हायनोपोमा वटवाघळं इस्राएलमध्ये सुमारे २० अंशांच्या उबदार गुहांत हिवाळाभर निश्चल राहतात, असं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. त्याच कुळातली वटवाघळं महाराष्ट्रातही आहेत आणि हिवाळ्याआधी अंगात चरबी साठवतात.

आणखी एक दुवा आहे. युरोपात मीलन शरद ऋतूत होतं, मादी शुक्रजंतू हिवाळाभर शरीरात साठवते आणि गर्भ वसंतात राहतो. हे शीतनिद्रेमुळेच होतं असं वाटत होतं. नागपूरला भारतीय वटवाघळांच्या प्रजननावर आयुष्यभर काम केलेले प्रा. गोपालकृष्ण यांनी माधवन यांच्यासह १९७१ मध्ये दाखवलं, की शीतनिद्रा न घेणाऱ्या आपल्याकडच्या एका पिपिस्ट्रेलमध्येही मादी शुक्रजंतू साठवते.

१९. मग महाराष्ट्रातल्या लेण्यांत आणि भुयारांत हीच गणना करता येईल का?

पद्धत चालेल, काळ नाही. ब्रिटनमध्ये नाजूक काळ जानेवारी ते मार्च. आपल्याकडे नाजूक काळ म्हणजे माद्यांजवळ पिल्लं असतात तो, आणि तो जातीप्रमाणे बदलतो. गुहेत राहणाऱ्या फळखाऊ रूसेटस वटवाघळांत वर्षातून दोनदा, मार्चच्या आणि जुलैच्या सुमारास पिल्लं होतात. घाबरलेली मादी उडाली की पिल्लू खाली पडतं. म्हणून अशा गुहेत आत न शिरता संध्याकाळी तोंडाशी उभं राहून बाहेर पडणारी मोजणं केव्हाही बरं.

वन खातं किंवा पुरातत्त्व खातं, जागा ज्याची असेल त्याची लेखी परवानगी घ्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळखाऊ वटवाघळं दीर्घकाळ उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच गेली. रॉटनचं मोकळशेपटी वटवाघूळ मात्र आधीपासून सर्वाधिक संरक्षणाच्या पहिल्या अनुसूचीत आहे. महाराष्ट्र आणि गोव्याच्या सीमेलगत, बेळगाव जिल्ह्यातल्या बारापेडे गुहेत १९१२ मध्ये ते प्रथम मिळालं आणि त्यानंतर जवळजवळ शतकभर जगात त्याची तेवढीच एक जागा माहीत होती. पुढे मेघालयात आणि कंबोडियातही ते सापडलं. अशा गुहेत ट्रेकचा गट घेऊन जाऊ नका.

२०. निपाह विषाणूच्या बातम्यांनंतर महाबळेश्वरच्या गुहांत जाणं धोक्याचं आहे का?

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत निपाहच्या संसर्गाच्या खुणा आढळल्या. याचा अर्थ गुहेजवळून जाणारा आजारी पडेल असा नाही, आणि वटवाघळं हुसकावून लावावीत असा तर मुळीच नाही. हुसकावलेली वटवाघळं वस्तीकडे येतात. आत शिरणं टाळा, वटवाघळांनी कुरतडलेली फळं खाऊ नका. लेंड्यांची धूळ नाकातोंडात गेली तर हिस्टोप्लाज्मोसिस हा फुप्फुसांचा रोग होऊ शकतो. कामासाठी जावंच लागलं तर चांगला मास्क हवा.

२१. जानेवारीत घराबाहेर जमिनीवर वटवाघूळ पडलेलं दिसलं तर?

उघड्या हाताने उचलू नका. जाड हातमोजा किंवा फडकं वापरून हवेची भोकं पाडलेल्या बुटाच्या खोक्यात ठेवा. आत चुरगळलेलं फडकं आणि बाटलीच्या झाकणात थोडं पाणी ठेवा. हीटरजवळ नेऊ नका. दूध देऊ नका. बॅट कॉन्झर्व्हेशन ट्रस्टच्या मदतवाहिनीला फोन करा, ते जवळच्या प्रशिक्षित सांभाळकर्त्याशी गाठ घालून देतात. निरोगी वटवाघळंही उबदार संध्याकाळी खायला बाहेर पडतात, त्यामुळे जानेवारीत उडताना दिसलं तर काळजी नको. जमिनीवर पडलेल्याला मात्र मदत लागते.

२२. मला नवी जागा सापडली आहे. ग्रुपवर टाकू का?

व्हॉट्सॲपवर, इन्स्टाग्रामवर, नकाशाच्या ॲपवर नको. लिहिलंत की आठवडाभरात कोणीतरी टॉर्च घेऊन पोचतं. काउंटीच्या बॅट ग्रुपला तारीख, नकाशावरचा बिंदू, बाहेरून काय दिसलं आणि जागा कोणाच्या मालकीची वाटते एवढं कळवा. मालकाशी बोलणं, परवानाधारकाने पहिली पाहणी करणं आणि जागा कार्यक्रमात घेणं हे ते पाहतील. तुम्ही शोधलेल्या जागेच्या पहिल्या पाहणीला तुम्हालाही बोलावतील का, हे विचारायला संकोच करू नका.